पेशींच्या पोटातले ठिपके

“आधी काच पूस, मग डोळा लाव, आणि घाईने ‘काही नाही’ म्हणू नकोस!” मोठ्या बाईंचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. त्यांच्याच हाताखाली आमच्या प्रयोगशाळेतल्या ताई शिकल्या.

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. अंगाने जड, नजरेने तेज. एके काळी माझ्यापुढे थुंकीचे नमुने लावलेल्या काचांची रांग लागायची. मग क्षय आपोआप तपासणारं यंत्र आलं आणि मी खोळ पांघरून कपाटात बसलो. राग नाही आला. वाईट मात्र वाटलं.

एके दिवशी धान्याच्या गोदामाचे रखवालदार आले, सोबत त्यांची बायको. खोकला, ताप, अंग झडलेलं. क्षय समजून तीन महिने औषधं झाली, गुण नाही. यंत्र मात्र दरवेळी ‘क्षय नाही’ म्हणे. घरी नवी नात आलेली. लागण होईल या भीतीने आजोबांनी तिला एकदाही उचललं नव्हतं. दाराबाहेरूनच म्हणायचे, “बरा झालो की आधी तुलाच घेईन हं!”

“नातीशी तासभर बोलतात, मी काही विचारलं की लगेच धाप लागते,” आजी म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी नळी घालून फुप्फुसातला नमुना काढला. ताईंनी तो रंगवला आणि माझी खोळ काढली. “चल रे बाबा. यंत्राला विचारावं तेवढंच ते सांगतं.”

सकाळ सरत आली, तेव्हा पेशींच्या पोटात इवले इवले ठिपके दिसले. बुरशी!

“आजोबा, वटवाघळांची घाण झाडली होती का कधी?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“झाडली की! गोदामाच्या माळ्यावर, ढीगभर. पाणी नाही मारलं. खाली पोती होती, भिजली असती ना!”

“पोती कोरडी राहिली, धूळ यांनी खाल्ली,” आजी डोळे पुसत म्हणाल्या.

“ही बुरशी त्या धुळीतूनच येते. गोळ्या बरेच महिने घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. पण माणसाकडून माणसाला ती लागत नाही.”

“म्हणजे नातीला...?”

“आजच घ्या.”

देवाने मला तोंड दिलं नाही, नाहीतर मी आनंदाने ओरडलोच असतो!

मित्रांनो, अशी घाण काढायची झाली तर आधी ती ओली करा, नाकातोंडाला चांगला मास्क लावा. खोकला हटत नसेल तर कुठे काय झाडलं तेही डॉक्टरांना सांगा. आणि कपाटातल्या म्हाताऱ्यांची अधूनमधून चौकशी करा.

आजी गोळ्यांच्या रांगेत उभ्या होत्या. आजोबांनी नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा धुतले. सदऱ्याला पुसले. आणि कुणाला काही न सांगता, भिंतीचा आधार घेत, हळूहळू घराकडे निघाले.