फौजदाराचं बिऱ्हाड

टेम्पोत गॅसची टाकी चढली, कपाट चढलं, शिलाई मशीन चढली. उरला फौजदार. खोली रिकामी झाली होती आणि जिथे सकाळपर्यंत पलंग होता त्या जागी बसून तो दाराकडे बघत होता.

फौजदार म्हणजे पिवळा बोका. मिशा बघून सोमनाथने हे नाव ठेवलं होतं. गेवराईत हायवेच्या कडेला, वरच्या मजल्यावर त्यांची भाड्याची खोली होती. नालीतून उचलून आणलेलं पिल्लू तिथेच मोठं झालं आणि खोलीबाहेर त्याने कधी पाय टाकला नाही. सोमनाथ दिवसभर गॅरेजवर असायचा. योगिता ब्लाऊज शिवायची आणि मशीन चालवता चालवता फौजदाराशी बोलायची. गिऱ्हाईक उधारी बुडवून गेलं की ते आधी त्याला कळायचं, मग सोमनाथला.

आता सोमनाथला बीडच्या गॅरेजमध्ये काम लागलं होतं आणि पालीला, वडिलांच्या जागेत, नवं घर उभं राहिलं होतं. योगिताने बोक्यासाठी झाकणाची टोपली आणून ठेवली होती. सासूबाई, भामाबाई, हातात पोतं घेऊन आल्या.

"मांजर टोपलीत न्हाई न्यायचं. पोत्यात न्यायचं असतंय. आन् निघायच्या आधी तीन गिरक्या द्यायच्या, मंग त्याला मागची वाट घावत न्हाई."

"आत्याबाई, ह्याला कुठलीच वाट ठाऊक न्हाई. जिना उतरला न्हाई हा कधी."

"मंग तर लईच सोपं."

सोमनाथने आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि पोत्याचं तोंड उघडलं. गिरक्या त्यानेच दिल्या. पहिल्या गिरकीला पोत्यातून आवाज आला, तिसरीला आला नाही. योगिता पोतं मांडीवर घेऊन पुढे बसली. पालीपर्यंत तिने टेम्पोवाल्याला दोनदा हळू चालवायला सांगितलं. पोत्यातून घरघर ऐकू येत होती आणि पोतं ओलं झालं होतं.

घरात रंगाचा वास होता. सुतार अर्धं काम टाकून गेल्यामुळे दारं दोनच बसली होती, एक पुढचं आणि एक ईशान्येच्या लहान खोलीचं. बाकी सगळ्या चौकटी मोकळ्या होत्या. मागच्या अंगणात उरलेल्या विटांचा ढीग होता, त्यापलीकडे सासऱ्यांचा मेंढरांचा वाडा आणि वाड्याच्या तोंडाशी काळ्या नावाचा कुत्रा.

योगिताने लहान खोली घेतली. मशीन तिथेच लावली, फौजदाराची मळकी वाकळ कोपऱ्यात टाकली, त्याच्या शी-शूसाठी घमेल्यात वाळू भरली, वाटीत पाणी ठेवलं आणि दार लावून पोतं सोडलं. बोका बाहेर आला तो पोट जमिनीला घासत, आणि गाद्यांच्या वळकटीमागे शिरला. तिथून फक्त शेपटीचं टोक दिसत होतं.

"एका खोलीतच ठेवायचं आधी. वाकळ धुवायची न्हाई, त्याला सोताचा वास लागतो. मोबाईलवर एक डॉक्टर सांगत होता," तिने सांगितलं.

"त्याच मोबाईलला इचार आता भाकरी कशी थापायची," भामाबाई म्हणाल्या. "रविवारी वास्तुशांत हाय. गुरुजी त्याच खोलीत चौरंग मांडणार. तवर माणसात आलं तर आलं. घरभर घाण करत हिंडायला लागलं तर पप्पू घिऊन जाईल. सोमानं सबद दिलाय."

योगिताला हे तिथे कळलं. पप्पू म्हणजे सोमनाथचा आतेभाऊ. सिरसाळ्याला त्याचा धान्याचा आडत-धंदा होता आणि गोदामात उंदीर झाले होते. रविवारी तो टेम्पो घेऊन येणार होता.

"अहो, ह्यानं उंदीर फोटोतसुद्धा बघितला न्हाई," ती रात्री जेवताना सोमनाथला म्हणाली.

"मायनं इचारलं, मी हो म्हणलो. तिला मांजर सोवळ्यात चालत न्हाई. रविवारपर्यंत बसला तर कोण नेतंय त्याला?"

"आन् न्हाई बसला तर?"

सोमनाथने ताटातली भाकरी मोडली आणि कालवणाची वाटी पुढे ओढली.

शुक्रवारी फौजदाराने काही खाल्लं नाही. सुकट ठेवली तशीच राहिली. घमेल्यातल्या वाळूवर एक ओरखडा नव्हता. योगिता दर थोड्या वेळाने उठायची, वळकटीमागे वाकून बघायची, परत मशीनवर बसायची, चार टाके घालायची आणि उठायची. एका ब्लाऊजची बाही तिने उलटी जोडली. दुपारी सासरे, सटवा, दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"कावून उठून बघतीस सारखी? नवं मेंढरू आणलं की आमी त्याच्याकडं बघत न्हाई. बघितलं की ते जास्त बिचकतंय."

"मेंढरू खातंय तरी, मामा."

"खाईल. भूक कुणाला चुकली हाय?"

शनिवारी तिने बघणं बंद केलं. मशीन चालवत राहिली आणि गेवराईसारखीच बोलत राहिली: गळा मोठा निघाला, अस्तर कमी पडलं, ह्या बाईनं माप जुनं दिलंय. संध्याकाळच्या सुमाराला वळकटीमागून डोकं निघालं. फौजदार भिंतीच्या कडेने वाकळीपर्यंत आला, तिच्यावर बसला, थोड्या वेळाने उठून वाटीतली सुकट हुंगली आणि दोन तुकडे खाल्ले. योगिताने पायडल थांबवलं नाही. मशीनमध्ये कापड नव्हतं, तरी ती चालवत राहिली.

रविवारी सकाळी ती न्हायला गेली तेवढ्यात भामाबाईंनी लहान खोली उघडली.

जुन्या घरचं मळकं नव्या घरात वास्तुशांतीला ठेवत नाहीत. त्यांनी गेवराईचा केरसुणीपासून पायपुसण्यापर्यंतचा सगळा पसारा आदल्या दिवशीच काढला होता. राहिली होती ती वाकळ. ती सोड्यात बुडवली, फरशी फिनाईलने पुसली, वर गोमूत्र शिंपडलं. योगिता ओल्या केसांनी आली तेव्हा वळकटी, मशीन, घमेलं सगळं बाहेर होतं. गुरुजी होमकुंडाखाली फरशी तापू नये म्हणून वाळूचा थर पसरत होते. फौजदार नव्हता.

"कुठंय?"

"तुझ्या सासऱ्याला इचार. त्यांनी नीट ठिवलंय."

सटवांनी खरंच नीट ठेवलं होतं, त्यांच्या हिशोबाने. कळप चरायला गेला की मागे राहिलेली कोकरं ते डालग्याखाली झाकत. बांबूचं मोठं डालगं उपडं टाकायचं, वर दगड ठेवायचा, कोकरू आत सावलीला दिवसभर गप्प बसतं. हयातभर हेच केलेलं. बोका त्यांनी वाड्याच्या भिंतीशी तसाच झाकला होता.

योगिता डालग्याशी वाकली. फटीतून दोन डोळे दिसले. "मामा, उघड्यावर हाय हो. हा बाहेर कधी..."

"दगड हाय वर. वाघ जरी घातला तरी निघायचा न्हाई."

"योगिता! म्हूर्त चाललंय!" आतून भामाबाईंचा आवाज आला.

ती गेली. लुगडं नेसली, हळदकुंकू लावलं. गुरुजींनी सोमनाथच्या उपरण्याची आणि तिच्या पदराची गाठ मारली. दोघं पाटावर बसले. खोलीत दहा-बारा बायका दाटीने बसल्या होत्या, पुरुषमंडळी पुढच्या खोलीत. गुरुजी एकेका देवतेचं नाव घेत होते आणि योगिता अक्षता टाकत होती, पण कान मागच्या अंगणाकडे होते. पाहुणे येत होते, मोटरसायकली वाजत होत्या. एकदा काळ्या भुंकला आणि गप्प झाला. तिची अक्षता कलशाच्या बाहेर पडली.

मग काळ्या भुंकू लागला तो थांबेचना.

पप्पू दारात डोकावला. हातात दुमडलेलं पोतं होतं. "सोमादादा, डालगं कलंडलंय. फौजदार फरार!"

पुरुषांत हशा पिकला. "वायरलेस करा रे गेवराईला," कुणीतरी म्हणालं.

योगिता उठली. गाठ ताणली गेली तसा सोमनाथ एका गुडघ्यावर आला.

"ताई, संकल्प झालाय, आता मध्ये उठता येत नाही," गुरुजी म्हणाले.

"बस खाली," भामाबाई दातांतून म्हणाल्या. "लोक बघायलेत."

"आत्याबाई, बाहेर कुत्रं हाय."

ती थांबली नाही. सोमनाथला उठावंच लागलं. बोटात दर्भाचं पवित्रक, खांद्यावर उपरणं, उपरण्याच्या टोकाला बायको, असा तो बायकांच्या मांडीवरून पाय टाकत बाहेर पडला. मागून अख्खी पूजा अंगणात आली.

काळ्या विटांच्या ढिगाकडे तोंड करून भुंकत होता. डालगं एका अंगावर पडलं होतं, दगड बाजूला. सटवा त्याच्याकडे बघत उभे होते.

"कोकरू असं करीत न्हाई," ते म्हणाले.

"मामा, काळ्याला न्या आधी. लांब न्या."

सटवांनी कुत्र्याच्या मानेला धरलं आणि वाड्याच्या पार पलीकडे नेलं. योगिता वाकून विटांतल्या फटी बघू लागली. गडी माणसं सल्ले देत होती: काठी घाला, पाणी ओता, मिरचीची धुरी द्या. एकाने वरची वीट उचलली.

"हात लावू नका!" ती एवढ्या जोरात ओरडली की त्याने वीट हातातच धरून ठेवली. "ढीग बसला तर चेंगरंल त्यो. मागं व्हा सगळे."

लोक दोन पावलं मागे झाले. ती फटीत बघून बोलू लागली. गळा मोठा निघाला बघ. अस्तर कमी पडलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आतून बारीक घरघर आली, खालच्या थरातून, भिंतीच्या बाजूने.

"हितं हाय," ती सोमनाथला म्हणाली. "माझा हात पुरत न्हाई."

सोमनाथ पालथा झोपला. गाठ आखूड होती, तेव्हा योगितालाही त्याच्या शेजारी आडवं व्हावं लागलं, नव्या लुगड्यानिशी, विटांच्या भुकटीत. त्याने खांद्यापर्यंत हात घातला. "लागला... केस लागले." मग त्याने दात आवळले. हात बाहेर आला तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत तीन लाल रेघा होत्या आणि मुठीत फौजदाराची मानगूट. योगिताने बोक्याला पदरात गुंडाळलं. तो थरथरत होता आणि त्याचं हृदय तिच्या तळहाताला लागत होतं.

पप्पूने पोतं झटकून उघडलं. "आणा वहिनी. सापडला तसा घिऊन जातो. तुमची बी कटकट गेली."

योगिता हलली नाही. ती सोमनाथकडे बघत होती.

सोमनाथने हातावरचं रक्त उपरण्याला पुसलं. "पप्पू, तू जेवून जा."

"आन् बोका?"

"जेवून जा म्हणलो ना. गोदामाला औषध आणून दीन बीडहून."

"सोमा, सबद दिलतास मला," भामाबाई म्हणाल्या.

"दिलतो, माय. चुकलं माझं. तीन गिरक्या बी मीच दिल्या."

कुणी हसलं नाही. गुरुजींनी घड्याळ बघितलं. "मुहूर्त जातोय. काय ते ठरवा."

ठरवायला फारसं नव्हतं. बोका कोंडायला दाराची खोली एकच होती, आणि तिच्यात देव मांडलेले होते. भामाबाईंनी अंगणातली गर्दी बघितली, भुकटीने माखलेलं सुनेचं लुगडं बघितलं. मग गुरुजींकडे वळल्या.

"पुढच्या खोलीला ईशान्येचा कोपरा असतोय का?"

"प्रत्येक खोलीला असतो."

"मंग चौरंग तिकडं घ्या. उचला रे! जेवणं दुपारून चार वाजता करायचीत का?"

कलश, चौरंग, तांब्याचं कुंड हातोहात पुढे गेलं. बांधकामाच्या उरलेल्या ढिगातून आणखी वाळू आणून पुढे पसरली. लहान खोलीत नुसता पहिला थर उरला. सोमनाथ पाण्याची वाटी घेऊन गाठीसकट मागोमाग आला. योगिताने फौजदाराला कोपऱ्यात सोडलं, आपल्या अंगावरची जुनी ओढणी त्याच्याजवळ टाकायला म्हणून शोधली, मग लक्षात आलं की आज तिच्या अंगावरचं सगळंच नवं आहे. तिने दार ओढून घेतलं.

पूजा पुन्हा सुरू झाली. आता दार तिच्या पाठीशी होतं, हाताच्या अंतरावर. धूर पुढच्या दारातून बाहेर जात होता. गुरुजी आहुतीला तूप मागत होते आणि सोमनाथ डाव्या हाताने पळी धरत होता, कारण उजवा ठणकत होता. बराच वेळ दाराआडून काहीच आवाज आला नाही. योगिताने दोनदा मान वळवली, दोनदा भामाबाईंनी ती डोळ्यांनी परत फिरवली.

मग खरखर ऐकू आली. थांबली. पुन्हा आली, दोन्ही पंजांची, जोरात, आणि वाळू दारावर उडाल्याची.

"काय करायलंय ते?" भामाबाईंनी तिच्या कानाशी विचारलं.

"उकरायलंय."

"होमाच्या वाळूत?"

"हं."

भामाबाईंनी बंद दाराकडे बघितलं. गुरुजींनी स्वाहा म्हटलं, सोमनाथने पळी वाकडी केली.

"पूर्णाहुती हुईस्तवर दार उघडू नकोस," त्या म्हणाल्या. "आन् ती वाळू रोज तूच बदलायची. मी हात लावायची न्हाई."