घंटा वाजायच्या आत

बाजारातून टेंपेची, आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांची, पुडी घेऊन सुमियेम घरी आली, तर विहिरीपाशी वागिमान मिस्त्री फतकल मारून बसलेला आणि त्याच्या मांडीवर कपडे धुण्याच्या मशीनचा टायमर उघडा पडलेला.

मशीन दोन टबांचं, जुनंपुराणं. वर्षापूर्वी टायमर मध्येच अडकला तो अडकलाच. तेव्हापासून ती दगडावर कपडे आपटत होती. नवरा, दारसोनो, दुरुस्तीचं नाव काढायचा आणि ती काहीतरी सबब पुढे करायची. कधी विजेचं बिल, कधी हातानं कपडे कसे स्वच्छ निघतात ते. खरं कारण सांगायची सोयच नव्हती. लोकांनी वेड्यात काढलं असतं.

टायमर अडकला त्या दिवशी प्रियोनं, तिच्या मुलानं, टबात कपडे टाकले, टायमरला पूर्ण चावी दिली आणि मोटारसायकलला किक मारली. "आलोच, आई. घंटा वाजायच्या आत येतो." वळणावर उसाचा ट्रक होता. घरी निरोप आला तेव्हा कपडे टबात भिजतच पडले होते. टायमरची घंटा काही वाजली नव्हती. पोराला मातीत ठेवताना तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, सगळं ठाऊक होतं तिला. पण घंटा वाजली नाही म्हणजे पोराला अजून उशीर झालेला नाही, एवढ्या एका गोष्टीवर ती बाई दिवस काढत होती.

"कुणी सांगितलं हे उघडायला?"

"मी," दारसोनो म्हणाला. "हात बघ तुझे. पांघरूण ओढतेस तर भेगांत धागे अडकतात."

"माझे हात, माझं मी बघेन."

"बघतेस कुठं? मलाच बघावे लागतात."

"भांडू नका हो," वागिमाननं तोंडातली लवंग घातलेली सिगारेट काढली. "वहिनी, चक्रात साबणाचा चिखल बसलाय, दुसरं काही नाही. चावी आत तशीच भरलेली आहे. चिखल काढला की उरलेली फिरून संपेल, मग नव्यानं द्यायची."

"नवा टायमर बसवा. हा मला द्या, असाच."

"नवा कुठून आणू? या मशीनची कंपनी कधीच बुडाली. भंगारवालासुद्धा हसेल मला."

"मग राहू दे." तिनं पुडी खाली ठेवली. "त्यानं दिलेली चावी आहे ती."

वागिमाननं चिमटा खाली ठेवला. पण चिखल बहुतेक निघालाच होता. चक्र एकदा थरथरलं आणि मांडीवरचा टायमर टिकटिक करायला लागला.

"मी हात नाही लावला, वहिनी," वागिमान घाबरून म्हणाला. "बोट ठेवा इथं. थांबेल."

तिनं बोट ठेवलं. थांबलं. बोटाखाली चक्र ढुसण्या देत होतं. केवढीशी ती स्प्रिंग, पण जोर होता. लेकाच्या मनगटाचाच जोर तो. तिला वाटलं, असंच बसावं. पुडीतलं टेंपे नासलं तरी चालेल, चूल थंड पडली तरी चालेल.

बोटाची भेग उघडली आणि चक्रावर रक्ताचा ठिपका उमटला. दारसोनोनं तो पाहिला. नुसता बघत राहिला. किती दिवस हा माणूस हे असं मुकाट बघतोय, असं तिच्या मनात आलं. तिनं बोट काढलं.

टिकटिक पुन्हा सुरू झाली. तिघंही ऐकत बसले. कोंबडी येऊन पुडीला टोचा मारून गेली तरी कुणी हुसकली नाही. मग घंटा वाजली, एकदाच, बारीकशी.

दारसोनो उठला. फाटकापाशी गेला आणि रस्त्याच्या वळणाकडे बघत उभा राहिला. त्या दिवशी विहिरीवर तोही होता, त्यानंही प्रियोचं ते 'घंटा वाजायच्या आत येतो' ऐकलं होतं, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"अहो, आत चला."

"हो," तो वळून न बघता म्हणाला. "झाला आता त्याला उशीर."