कोरडी घोडी

तबेला बांधायचा म्हटलं की लोक आधी कमानी मागतात. घोड्याला काय हवं, ते कुणी विचारत नाही. माझे दीर तरी तसे निघणार नाहीत अशी माझी भाबडी समजूत होती, कारण त्यांची घोडेस्वारीची शाळा आहे आणि बायकोपेक्षा त्यांचा घोड्यांवर जास्त जीव आहे. हे मी म्हणत नाही, माझी धाकटी जाऊच म्हणते.

आमचे हे तेव्हाच म्हणाले होते, "भावाचं घर बांध हवं तर, तबेला बांधू नकोस. घरातली माणसं निदान तक्रार तरी करतात." मी हसण्यावारी नेलं. तीस वर्षं इमारतींची कामं करते मी, नवऱ्याचे सल्ले ऐकत बसले असते तर आजवर एक गोठा उभा राहिला नसता.

आमच्याकडची हवा म्हणजे पिळून न वाळवलेलं फडकं. अंगावरचा घाम अंगावरच राहतो. अशा हवेत घोडा ठेवायचा तर एकच गोष्ट लागते, वारा. म्हणून मी तबेल्याची लांब बाजू वाऱ्याच्या तोंडाला दिली. भिंती घोड्याच्या छातीपर्यंतच, वर नुसत्या लोखंडी जाळ्या. छपराच्या कडा भिंतींपुढे लांब काढलेल्या, म्हणजे पाऊस आत येणार नाही आणि ऊनही नाही. आणि छप्पर उंच, त्याच्या माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी फट, वर पाऊस अडवायला छोटी टोपी. गरम हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. सगळ्या तबेल्याचा जीव त्या फटीत होता. दिसायलाही तो देखणा होता, खोटं कशाला बोलू. बारीक खांब, पांढरा चुना, शिसवी रंगाची दारं. नकाशा बघून भाऊजी म्हणाले होते, "वहिनी, घोड्याचा जन्म घ्यावासा वाटतो."

शेवटचे दोन महिने मी परगावी एका दवाखान्याच्या कामात अडकले. तिथून आले ती थेट उद्घाटनाच्या दिवशी सकाळी. फाटकातून बघितलं तर मन भरून आलं. आत पाऊल टाकलं आणि डोळे चुरचुरायला लागले. मी परगावी गेल्या गेल्याच घोडे आत आणले होते. मुताचा उग्र वास, हवा जागची हलत नव्हती. फरशीवर मात्र लाल, निळे, जांभळे तुकडे पडले होते, इतके सुंदर की क्षणभर मीही बघत राहिले. मग मान वर केली. टोपी काढून माथ्यावरच्या फटीत या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगीत काच बसवली होती. जाळ्यांनाही आतून काचेच्या झडपा लावल्या होत्या.

"भाऊजी, ही फट कुणी बुजवली?"

"बुजवली काय म्हणता, सजवली म्हणा. पावसाची झड यायची. कबुतरं घाण करायची. आणि पाहुणे येणार, जरा शोभा नको?"

"आणि वारा कुठून जाणार?"

"पंखे लावलेत की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पंखा आहे तीच हवा फिरवतो, भाऊजी. बाहेर नेत नाही. डबा बंद करून आत पंखा लावलात तुम्ही."

"रागावू नका हो," ते हसत म्हणाले. "आधी हिला बघा, मग काय बोलायचं ते बोला."

ही म्हणजे तांबडी. डोंगरावरच्या थंड, कोरड्या मुलखातून आणलेली घोडी. आणली भाऊजींनी, पण ती होती माझ्या पुतणीची. पुतणीला घरात सगळे भिंगरी म्हणतात, खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. एका जागी दोन मिनिटं न बसणारी ही पोरगी तांबडीपाशी तासन्‌तास बसायची. बुजरी घोडी तिनेच माणसाळवली होती. आज दुपारी पाहुण्यांसमोर ती तांबडीवर बसून अडथळ्यांवरून उड्या मारून दाखवणार होती.

भाऊजींनी तांबडीच्या मानेवरून तळहात फिरवला आणि माझ्यासमोर धरला. "हे बघा. टिपूस नाही. जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये हिच्या अंगातून नुसतं पाणी निथळायचं. इथे आणल्यापासून हळूहळू घाम कमी होत गेला, आता महिनाभर पूर्ण बंद. तुमच्या तबेल्याची कमाल आहे, वहिनी. मी सगळ्यांना सांगतो. खुराकातलं मीठसुद्धा बंद केलं. घामच नाही तर मीठ कशाला? आणि अंघोळही नाही, कातडीची चमक जाते."

स्तुती कुणाला आवडत नाही? मीही क्षणभर सुखावले. मग लक्षात आलं की माझं पोलकं पाठीला चिकटलंय. भाऊजींच्या कपाळावरून घाम ओघळत होता. शेजारच्या कप्प्यात पांढरा घोडा होता, त्याच्या पोटाखालून थेंब गळत होते. एकटी तांबडी कोरडी. आणि ती नुसती उभी असून तिच्या नाकपुड्या फुलल्या होत्या, बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या. कपाळावरचे केस विरळ झालेले.

"हिला धाप का लागलीय?"

"कार्यक्रमाचं टेन्शन," भाऊजी म्हणाले. "घोड्यांनाही असतं."

मी बाहेर येऊन घोड्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या गावात होते. माझं बोलणं पुरतं व्हायच्या आत ते खेकसले, "घाम बंद झाला ही चांगली गोष्ट आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला? दमट हवेत सतत तापून तापून काही घोड्यांचा घामच आटतो. मग आतली आग आतच राहते. तिला बाहेर सावलीत न्या, अंगावर सारखं पाणी मारत राहा. आणि आज तिच्यावर कुणाला बसू देऊ नका. पळता पळता कोसळेल, आणि वर असेल त्याला घेऊन कोसळेल. मी निघालोच."

वर भिंगरी असणार होती. मी मैदानाकडे पळाले.

भाऊजी मैदानाच्या कडेला खुर्च्या मांडून घेत होते. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण नजर फाटकातून येणाऱ्या गाड्यांवर.

"न बघता सांगितलं ना डॉक्टरांनी? मी रोज हात फिरवतो तिच्या अंगावरून. चाळीस वर्षं घोडे बघतोय, वहिनी. घामाने भिजलेला घोडा तापलेला असतो, कोरडा घोडा गार असतो. एवढं तर कळतं मला."

"मी उभी राहून सगळ्यांना सांगते की तबेला फसलाय. माझं नाव खराब होऊ दे."

"तुमच्या नावाचं तुम्ही बघा. चार माणसांत माझं हसं करू नका." आणि ते पाहुण्यांकडे वळले. चेहऱ्यावर लगेच हसू.

जाऊ पाणी वाटत होती. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "आजचा दिवस निभावू द्या ना, ताई. उद्या काय हवं ते करा." मी कपाळाला हात लावला. उद्याचं उद्या, हे आमच्या घराण्याचं ब्रीदवाक्य आहे.

भिंगरी तांबडीच्या आयाळीची वेणी घालत होती. मला बघताच म्हणाली, "काकू, ही सकाळपासून पाणी पीत नाहीये. बाबा म्हणतात नाटक करतेय."

मी तिच्यापासून काही लपवलं नाही. मुलांपासून लपवायचं आणि मग त्यांनाच घोड्यावर बसवायचं, हे मला जमत नाही. तिने तांबडीच्या मानेला गाल लावला, एकदम मागे घेतला. "किती गरम आहे गं ही. मला वाटायचं, घोडे असेच असतात."

"बाबांना सांगितलंय मी. पालथ्या घड्यावर पाणी."

तिने डोक्यावरचं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. "मी नाही बसत." मला त्या पोरीचा केवढा अभिमान वाटला.

आम्ही तांबडीला बाहेर काढलं. झाडाखालच्या नळापर्यंत पोचायच्या आत भाऊजी समोर आले. त्यांच्यामागे दोन पाहुणे, हौशी चेहऱ्यांचे.

"हे काय चाललंय?"

"बाबा, तिला बरं नाहीये. मी बसणार नाही."

भाऊजींनी पाहुण्यांकडे बघितलं, मग मुलीकडे. "घाबरली," ते पाहुण्यांना हसून म्हणाले. "ठीक आहे. मीच बसतो."

मी लगाम धरला. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून या माणसाने माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. "वहिनी, घोडी माझी आहे," एवढंच म्हणाले, आणि माझी बोटं एकेक करून लगामावरून सोडवली.

तांबडी मैदानात उतरली तेव्हा टाळ्या पडल्या. उन्हात तिची कातडी तांब्याच्या घासलेल्या हंड्यासारखी चमकत होती. पहिली उडी, दुसरी उडी. माझ्या शेजारचे गृहस्थ रुमालाने मान पुसत म्हणाले, "काय ठेवलंय जनावर, एवढ्या उकाड्यात घामाचा थेंब नाही." भिंगरीने माझं मनगट इतकं घट्ट पकडलं की हाताला मुंग्या आल्या. ती पुटपुटत होती, "थांबवा ना, थांबवा."

लांबच्या वळणावर तांबडीचे मागचे पाय एकमेकांत अडकले. ती पुन्हा सावरली. भाऊजींनी टाच मारली. मग ती गुडघ्यांवर आली, आणि तशीच एका अंगावर गेली.

भाऊजी बाजूला फेकले गेले, म्हणून वाचले. हात मोडला होता. भिंगरी बादली घेऊन पळत होती, निम्मं पाणी वाटेतच सांडत होती. आम्ही पाणी ओतत राहिलो, जाऊसुद्धा साडी खोचून पाणी आणायला लागली. तांबडीच्या अंगावर हात ठेववत नव्हता. डॉक्टर आले तेव्हा ती गेली होती. त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला आणि तबेल्याच्या छपराकडे बघितलं.

भाऊजी हात पोटाशी धरून उभे होते. "अंग तर कोरडं होतं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांची चीड आली आणि कीवही आली.

पाहुणे काढता पाय घ्यायला लागले. मघाचे गृहस्थ मात्र माझ्याकडे आले, आवाज खाली आणून म्हणाले, "हार्ट असेल. होतं असं. पण तबेला अप्रतिम आहे हो. मलाही अगदी असाच हवाय, वर ती रंगीत काच वगैरे." मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वळून बघितलं तर भिंगरी जागेवर नव्हती. ती तबेल्यातून पांढऱ्याला घेऊन बाहेर येत होती. त्याला तिने झाडाखाली बांधलं, नळाची नळी सोडली, आणि दुसऱ्यासाठी पुन्हा आत गेली.

"बाहेर कुठे बांधतेस?" भाऊजी ओरडले. "आत ने त्यांना. ऊन लागेल."

तिने वळूनही बघितलं नाही. ते माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही तरी सांगा तिला. तुमचं ऐकते ती."

मी तबेल्यात गेले. शेवटच्या कप्प्यात पांढऱ्या पट्ट्यांचा म्हातारा बांडा घोडा राहिला होता. त्याच्या पाठीवर निळा उजेड पडला होता. दाराची कडी मी स्वतः निवडलेली, हाताला गुळगुळीत लागली. मी दोर सोडला आणि त्याला घेऊन निघाले.

दारात भाऊजी आडवे उभे होते.

"बाजूला व्हा," मी म्हटलं. "इथे आता कुणी राहणार नाही."

ते बाजूला झाले, आणि बांडा माझ्यामागून बाहेर आला.