चढाची पैज

नेलिया टोरांटोहून आली ती परतीची दोन तिकिटं घेऊनच. एक स्वतःचं, एक आईचं. बेटावरच्या कड्याखाली, सांतो क्रिस्तोच्या तळ्याकाठी, जिथे धड गाडीसुद्धा येत नाही, तिथे सुजलेल्या गुडघ्यांची आपली आई एकटी राहते, हे काही तिच्या पचनी पडत नव्हतं.

"मला काय धाड भरलीय?" इदालिना म्हणाली. तिचा जन्म याच घरातला, आणि मरायचंही इथेच, हे तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"मग रस्त्यापर्यंत कुणाच्याही मदतीशिवाय चालून दाखव. जमलं तर मी तिकिटाचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर मुकाट्याने विमानात बसायचं. वाट तू निवड."

वाटा दोनच. एक समुद्राकाठची, वरखाली होणारी पण सोपी. म्हातारी तीच धरणार असं सगळे समजून चालले होते. दुसरी कड्यावरून थेट डोंगरमाथ्याला. पर्यटक गाडीने वर जातात, ती वाट उतरतात आणि मग आठवडाभर फुशारक्या मारतात. इदालिनाने ती चढायची ठरवली.

"मावशी, डोकं ठिकाणावर आहे ना?" शेजारचा ग्वाल्तेर म्हणाला.

"उतार गुडघे खातो रे, चढ नुसता दम खातो. आणि दम माझ्याकडे रग्गड आहे. तू गाडी घेऊन वर थांब, आणि झोपू नकोस."

नेलिया गालात हसली. पोरीने मनातल्या मनात आईची बॅगही भरली, हे इदालिनाने ओळखलं.

सकाळी दोघी निघाल्या. त्या वाटेवर गुरांसाठी जागोजाग लाकडी फाटकं आहेत. उघडलेलं फाटक मागे लावायचं, हा या बेटावरचा पहिला धर्म, चर्चचा दुसरा. इदालिना प्रत्येक फाटक लावायची, कडी हलवून बघायची, मग खालच्या तळ्याकडे बघायची, मग पुन्हा कडी.

"आई, लागलं ते!"

"गुरं तुझी नाहीत ना, म्हणून बोलतेस." तेवढ्यात तिचा श्वास जागेवर यायचा.

अर्ध्या वाटेत दम लागला तो नेलियालाच. पाव आणि चीज खायला बसल्यावर तिला स्वतःचंच हसू यायला लागलं.

"टोरांटोत जिने नसतात का गं?"

"लिफ्ट असते."

"मग मी तिथे येऊन काय करू? लिफ्टमध्ये उभी राहून गुडघे मोजू?"

नेलिया शेवटचं फाटक ओलांडून पुढे गेली; मागून इदालिना येत होती, तोच एक जर्मन जोडपं त्याच फाटकातून खाली उतरलं. म्हातारीला बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. इदालिना अशी फुलली की राणीच्या थाटात त्यांना हात करत फाटकातून पुढे चालू पडली.

माथा हाकेच्या अंतरावर आला तेव्हा तिने सहज मागे पाहिलं. फाटक सताड उघडं होतं. एक कालवड त्यातून मान बाहेर काढून उभी होती, आणि तिच्या खाली कडा.

इदालिना वळली.

"आई, कुठे? माथा हा काय समोर!"

"जनावर कड्यावरून गेलं तर कुणाला तोंड दाखवू?"

दोन पावलं उतरली आणि गुडघ्यातून अशी कळ गेली की तिने खडकच धरला. पोरीने आता नुसती हाताची घडी घालून उभं राहायचं होतं. पैज तिचीच होती. पण नेलियाने पिशवी खाली टाकली आणि ती धावत सुटली. दोनदा घसरली, एकदा चक्क बुडावर आपटली, कालवडीला हुसकावलं, फाटक लावलं, कडी हलवून पाहिली आणि धापा टाकत वर आली.

माथ्यावर ग्वाल्तेर वाटच बघत होता. "काय, कोण जिंकलं?"

"मी हरले," इदालिना म्हणाली. "मदत घ्यावी लागली."

"कसली मदत?" नेलिया म्हणाली. "फाटक मी उघडं टाकलं होतं. माझं मीच लावून आले."

फाटकातून शेवटी कोण आलं होतं, हे दोघींनाही पक्कं ठाऊक होतं. एक खोटं बोलली म्हणून लहानपणी याच पोरीला इदालिनाने अंगणभर पळवून चपलेने बडवलं होतं. आज तिने लेकीचं घामेजलेलं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि मटामटा मुके घेतले.

"लक्षच नसतं रे हिचं," डोळे पुसत ती ग्वाल्तेरला म्हणाली. "लहानपणापासून अशीच."