मला उधळ्या म्हणाले!

मी एक रंग बोलतोय. होळीतला नव्हे, साडीवरचाही नव्हे. कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत राहणारा, चांगल्या शिकलेल्या घरचा रंग. १९९७ साली मला जन्म दिला तो संघप्रियानं. ती गडमुडशिंगीहून रोज बसनं यायची आणि पीएच.डी. करायची.

माझा स्वभाव आधीच सांगतो. मी पक्का चिक्कू. उजेड पडला की माझा एक इलेक्ट्रॉन टुणकन उडी मारतो. मी त्याला कुणाच्या हाती लागू देत नाही, परत घरी आणतो आणि त्या आनंदात हिरवागार चमकतो. शेजारी क्विनोन नावाचा घेणारा हात पसरून बसलेला असतो, तरी मी ढिम्म. मात्र धातूचा आयन त्या क्विनोनच्या पाठीशी उभा राहिला, की माझा नाइलाज होतो. इलेक्ट्रॉन जातो, चमक विझते. धातू घातला तर द्यायचं, नाही घातला तर नाही, एवढा लगाम सिद्ध करून दाखवणं हेच संघप्रियाचं संशोधन.

इथंच माशी शिंकली. धातू न घालताच मी विझू लागलो!

तिनं मला अकरा वेळा नव्यानं बनवलं. अकराही वेळा तेच. दोन वर्षं गेली. तिचे मार्गदर्शक चनबसाप्पा सर एक दिवस वैतागून म्हणाले, "तुझा रंगच उधळ्या हाय बघ! मार्चपर्यंत जमलं तर जमलं, न्हायतर विषय बंद."

मला उधळ्या! माझ्या जन्मभराच्या कंजूषपणावर पाणी फिरलं. संघप्रिया नुसती माझ्याकडे बघत बसायची. तेव्हा मला तोंड नसल्याचं फार वाईट वाटायचं, कारण मला ज्या शुद्ध, डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायचे, त्या पाण्यातून कोण येतंय ते मला रोज दिसत होतं.

मार्च संपला. तिनं पिशवी भरली. तेवढ्यात शिपाई केरबामामा तांब्या घेऊन आले.

"तशीच जाऊ नगंस पोरी. पाणी पी."

तिनं घोट घेतला. "मामा, हे कुठलं पाणी?"

"तुझंच की! ते वाफेचं, रंगात घालतीस ते. कॅनात पडून बेचव हुतंय, म्हणून आल्या आल्या माझ्या आईच्या घागरीत वततो. अस्सल तांब्याची हाय, रोज चिंच लावून घासतो. सकाळी परत कॅनात भरतो. परयोगाला बळ नगं व्हय?"

तिनं तांब्या झटकन खाली ठेवला. दोन वर्षं माझ्यात तांब्याचे आयन येत होते! ती स्टुलावर बसली आणि इतकी हसली, की मामा आणखी पाणी आणायला धावले.

दुसऱ्या दिवशी पाणी थेट काचेत घेतलं. घोळ कुणाचा ते मामांना आता कळलं होतं. बिचारे हात जोडून उभे होते, डोळे भरलेले. दिवा लागला. मी इलेक्ट्रॉन घट्ट धरला आणि जीव तोडून चमकलो.

"पेटलं की गं!" मामा ओरडले. सरांनी विषय बंद करायचं नाव पुन्हा काढलं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. संघप्रियानं त्यांच्यासमोर माझ्यात घागरीचं पाणी घातलं, मी विझलो. त्यांनी प्रमाण विचारलं. तिच्याआधी दारातून मामाच बोलले, "दोन पळ्या, सायेब!" सरांना ठसका लागला. पण पदवी मिळाली.

आता २००८ उजाडलंय. डॉ. संघप्रिया जयसिंगपुरात शिकवतात. मामा निवृत्त झाले. मी कपाटावर धूळ खात पडलोय आणि जुन्या बाटल्या बेसिनमध्ये ओतायचं ठरलंय म्हणे. वाचकहो, तिकडं गेलात तर मला खिडकीत ठेवा. उन्हानं मी फिका पडेन, ठाऊक आहे. पडू दे. दोन वर्षं मनाविरुद्ध देत आलो, आता थोडं माझं मला चमकू द्या.