नंदीच्या तोंडातला मंत्र

भवानी पेठेतल्या पारासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. गिरणीचे गाडीवाले, विणकर, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, सगळे माना उंचावून उभे होते. मधोमध दुधनीकडून आलेला बिरप्पाबुवा अंगाला भंडारा फासून डोळे मिटून बसला होता. शेजारी झूल घातलेला त्याचा नंदी, आणि समोर रावजीचा आजारी बैल. बेंदूर, बैलांचा सण, सरला आणि पेठेतल्या बैलांनी वैरण सोडली, रवंथ थांबला, पोटं फुगली. गाडीवाल्यांचं हातावरचं पोट, त्यामुळे सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळालं होतं.

नंदीचा जबडा हलू लागला तशी बुवाची समाधी खाडकन उतरली.

"नंदी बोलतोय! आज्ञा द्या, देवा!"

त्यानं नंदीच्या तोंडात हात घातला, मूठ मिटूनच बाहेर काढली, भंडाऱ्याच्या पिशवीत बुडवली आणि रावजीच्या बैलाच्या घशात कोपरापर्यंत खुपसली. तोंडानं अर्धं कानडी, अर्धं मराठी आणि उरलेलं कुठल्याच मुलखात न चालणारं काहीतरी बरळणं चालूच होतं. दिवस कलता कलता रावजीचा बैल रवंथ करू लागला आणि पेठेनं बुवापुढे लोटांगण घातलं.

गर्दीच्या मागे मल्लव्वा उभी होती. चैत्रात नवरा गेल्यापासून तेलाचा घाणा, बैल आणि तोंड ही तिन्ही तिनं एकटीनं चालवली होती. तिसरं जरा जास्तच चालतं, असं पेठेचं मत होतं. लोक बुवाच्या ओठांकडे बघत होते, ती मात्र त्याच्या मुठीकडे बघत होती. नंदी रवंथ करत नसला की ह्याला देव दिसत नाही, हे तिच्या केव्हाच ध्यानात आलं होतं.

"ही करणी हाय!" बुवा गरजला. "आख्ख्या पेठेत एकच बैल धडधाकट हाय. कुनाचा?"

सगळ्या माना मागे वळल्या.

"मल्लव्वे," गाडीवाल्यांचा म्होरक्या हिंदुराव पुढे आला. त्याचा लाडका खंड्या घरी आडवा पडला होता. "तुज्या बैलाला का न्हाई झालं काई?"

"आमच्यात वरीसभर सण न्हाई. पुरन शिजलं न्हाई. माज्या बैलानं कडबा खाल्ला, तुमच्यानं पोळ्या खाल्ल्या. एवडंच की!"

उत्तर तिनं अक्षरशः लोकांच्या हातावर ठेवलं होतं. पण करणीची चटक लागलेल्या कानांना कडब्याची गोष्ट बेचव लागते.

"बगा, कबूल झाली!" बुवा म्हणाला. "ही पेठ सोडंल, हिचा बैल माज्या मठात बांदला जाईल, तवाच मी खंड्याला हात लावीन."

सकाळी घाणा मोडायचा आणि बाईला वेशीबाहेर घालवायचं ठरलं. मल्लव्वाला माहेर उरलं नव्हतं. घाणा गेला तर दुसऱ्याच्या दारात भांडी घासण्यावाचून गती नव्हती. ती भ्याली, चांगलीच भ्याली. पण रडत बसली नाही. तशीच गुरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर इसूफ सुई टोचतात म्हणून पेठेनं त्या दारात कधी पाऊल टाकलं नव्हतं. हात कोपरापर्यंत घशात घालणारा बुवा मात्र चालत होता.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "मूठ मिटलेली असते?"

"गच्च."

"आणि बेंदराला पोळ्या किती घातल्या?"

"हिंदुरावनं तर टोपलीभर. वर जवारीच्या घुगऱ्या."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

सकाळी कुऱ्हाडी घेऊन माणसं घाण्यापाशी जमली. खंड्यालाही कसंबसं चालवत आणलं होतं. बाईला हाकलण्याआधी नंदीचा कौल घ्यावा म्हणून बुवानं त्याच्या तोंडात हात घातला, आणि तो बाहेर येताच मल्लव्वाच्या मागून पुढे झालेल्या डॉक्टर इसूफनी मनगट धरलं. मूठ उघडली. आत हिरवट, ओला चोथ्याचा गोळा होता.

"परसाद हाय तो!" बुवा किंचाळला.

"नंदीच्या पोटातून रवंथासाठी वर आलेला चारा आहे. धनगर हा इलाज कधीचा करतात, उघड्या हातानं करतात, आणि त्यापायी कुणा बाईला चेटकीण ठरवत नाहीत."

डॉक्टरांनी पेटीतून सूक्ष्मदर्शक काढला आणि त्या चोथ्याचा थेंब काचेवर ठेवला. हिंदुरावनं डोळा लावला आणि तो दचकून मागे सरला.

"आयला! लई वळवळतंय की आत!"

मग खंड्याच्या पोटात नळी घालून थेंब काढला. आंबूस वास सुटला. त्यात काहीच हलत नव्हतं.

"बैल कडबा खातो, पण तो पचवतात हे बारीक जीव," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही एकदम टोपलीभर गोडधोड आणि धान्य कोंबलंत. पोट आंबलं, हे जीव मेले, रवंथ बंद. निरोगी बैलाचा चोथा गेला की ही वस्ती पुन्हा बसते. माणसाच्या आतड्यातही अशी वस्ती असते, आणि ती बिघडली की आपणही बिघडतो. तिची सगळी कामं आम्हालाही अजून ठाऊक नाहीत. म्हणून काय तिथं मंत्र बसवायचा?" त्यांनी मल्लव्वाकडे पाहिलं. "बाई, तुमच्या बैलाचा चोथा द्या."

"चेटकिनीच्या बैलाचा?" बुवा ओरडला. "खंड्या जाग्यावर मरंल!"

खंड्यानं मान जमिनीवर टाकली होती. हिंदुराव त्याच्यापाशी बसला, त्याच्या गळ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "घाला, डाक्टर."

डॉक्टरांनी आधी सोड्याचं पाणी पाजलं. मल्लव्वानं आपल्या बैलाच्या जिभेमागून गोळे काढून दिले, आणि ते कोमट पाण्यात कालवून नळीनं खंड्याच्या पोटात गेले. मंत्र नाही, भंडारा नाही, साधी फुंकरसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी खंड्या उभा राहून रवंथ करत होता. तोवर बुवाला दुधनीची फार आठवण येऊन तो नंदीसकट पसार झाला होता.

आता ह्या पेठेला अक्कल आली म्हणाल, तर छे! हिंदुराव नारळ, कुंकू आणि हार घेऊन मल्लव्वाच्या दारी हजर. मागे आख्खी पेठ.

"मल्लव्वा, तुजा बैल देवाचा अवतार हाय. पाया पडू दे आमाला."

"खबरदार माज्या बैलाला कुंकू लावशीला तर!" मल्लव्वा उंबऱ्यावर आडवी झाली. "काल मी चेटकीन, आज बैल देव. इचार कदी करनार तुमी? नारळ ठेव खाली. खंड्याला कशानं झालं, ते समद्यांम्होरं सांग."

हिंदुरावनं मान खाली घातली. नारळ उंबऱ्यापाशी ठेवला.

"पोळ्यांनी झालं."

"कुनी घातल्या?"

"मी घातल्या. मायेनं घातल्या, मल्लव्वा. करनी मीच केली आन् नाव तुजं घेतलं."

मल्लव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला पदर उचलायच्या भानगडीत ती पडली नाही. मागचे लोक एकेक करून हातातलं कुंकू लपवू लागले.

वाचकहो, ढोर आजारी पडलं, मूल आजारी पडलं, तर पहिल्यांदा ताटात काय वाढलं होतं ते बघा आणि दवाखान्याची वाट धरा. शेजारणीच्या कपाळाकडे बोट मागाहूनही दाखवू नका.