करंड्यावरचा मोर

परेशला वाटायचं, चकाकी म्हणजे जोर. वालीवच्या ज्या गाळ्यात तो कामाला होता, तिथे दारांच्या मुठी यायच्या त्या काळ्या, खरबरीत. आणि त्याच्या हाताखालून गेल्या की त्यांत तोंड दिसायचं. फिरत्या चाकाला पॉलिशची वडी लावायची आणि मूठ दाबून धरायची. दाबशील तेवढं उजळेल, एवढं साधं गणित.

लग्नानंतरची पहिलीच संक्रांत आठवड्यावर आली होती. गोखिवऱ्याच्या खोलीवर बिल्डिंगमधल्या बायका हळदीकुंकवाला येणार होत्या. संपदानं ट्रंकेतून चांदीचा करंडा काढला. तिची आई ती अगदी लहान असताना गेली. राजापूरच्या मावशीनं तिला वाढवलं आणि सासरी पाठवताना आईची म्हणून ही एकच वस्तू ओटीत घातली. झाकणावर बारीक रेघांनी कोरलेला, पिसारा फुलवलेला मोर होता. पण करंडा पार काळवंडला होता.

"चिंच लावू का?" तिनं विचारलं.

"राहू दे, मी बघतो," परेश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिला न सांगता डब्याच्या पिशवीतून त्यानं करंडा नेला. चांदी नाजूक असते हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं मऊ कापडाचं चाक लावलं, वडीही सगळ्यांत बारीक घेतली. पण हाताला सवय स्टीलची. झाकण टेकवताच काळं उडालं, आतून पांढरीशुभ्र चांदी निघाली, त्याला हुरूप आला आणि 'अजून जरासं' म्हणून त्यानं ते पुन्हा दाबलं.

चाक थांबवून पुसलं, तर मोराची मान होती, पाय होते. पिसारा गेला होता. त्या जागी त्यानं अंगठा फिरवला. काहीच लागेना.

"कोनाचं रे हे?" शेजारच्या मशीनवरचा इग्नेशियस जवळ आला.

"बायकोचं. तिच्या आईचं."

इग्नेशियसनं झाकण हातात घेतलं आणि नुसती मान हलवली. मग म्हणाला, "सुटल्यावर पापडीच्या बाजारात चल. माझ्या वळखीचा सोनार हाय."

सोनारानं भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "पत्रा पातळ झालाय. पुन्हा कोरायला गेलो तर भोक पडेल."

"मग काय करायचं?"

"उरलंय ते सांभाळा. चाक नको, राख नको, दंतमंजनसुद्धा नको, ओरखडे पडतात. खडूची पूड मलमलीतून गाळून घ्या, पाण्याचा थेंब टाका आणि अलगद पुसा. आणि रेघांत जे काळं बसलंय ते काढू नका. त्याच्यामुळेच तर चित्र दिसतं."

सोनाराकडून असंच आलं म्हणून सांगावं, असं वाटेत एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. पण घरी संपदा दार उघडून हसली आणि त्याच्यानं खोटं बोलवेना. त्यानं करंडा तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

तिनं झाकणावरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"आईचा चेहरा मला आठवत नाही," ती म्हणाली. "ती कुंकू लावायची तेव्हा मी हे झाकण धरून मांडीवर बसायचे म्हणे. मोर तेवढा बोटांना आठवतो."

तिनं त्याला जेवायला वाढलं, पण बोलली नाही. दुसरा दिवसही तसाच गेला.

तिसऱ्या दिवशी कामावरून येताना त्यानं खडू आणले आणि वाटीत कुटायला बसला. "एखादं मऊ फडकं आहे का गं?" त्यानं भीतभीतच विचारलं. ती उठली. मावशीच्या विरलेल्या लुगड्याचा तुकडा तिनं आणून दिला आणि समोर बसून राहिली.

करंड्याचा खालचा भाग अजून काळाच होता. परेश पुसू लागला, पण त्याच्या बोटांच्या भेगांत फडक्याचे धागे अडकत होते.

"थांबा," संपदा म्हणाली. तिनं त्याचा हात ओढून उलटा केला. "हे काय करून घेतलंय हातांचं? इतके दिवस दाखवलं का नाहीत?"

"त्यात काय दाखवायचं!"

तिनं फळीवरून कोकमतेलाचा गोळा काढला, दिव्यावर पातळ केला आणि एकेका भेगेत भरत बसली. तो हात पुढे करून बसला होता. मधेच तिच्या डोळ्यांतून पाणी गळालं. ते तिनं पुसलं नाही आणि हातही सोडला नाही.

"पुसायचं काम उद्या," ती म्हणाली. "आणि उद्या मी सांगेन तसं. दाबायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून करंडा पुसला. तो चुकून जोर लावू लागला की ती त्याच्या मनगटावर हात ठेवायची.

संक्रांतीला खोली बायकांनी भरून गेली. परेश स्वयंपाकघरात तिळगुळाचे लाडू ताटलीत मांडत होता. बाहेर कुणीतरी विचारलं, "अगंबाई, मोराला पिसाराच नाही?"

त्याचा हात थांबला.

"होता," संपदा म्हणाली. "आता मिटून बसलाय."

बायका हसल्या. त्या हसण्यात संपदाचंही हसू त्याला नीट ऐकू आलं. मग तिनं हाक मारली, "अहो, लाडू आणताय ना?"

तो ताटली घेऊन बाहेर गेला.